नाव बदलायची चाल मोडा

लग्नात मुलीचं पाळण्यातलं नाव बदलायची चाल आता बंद झाली पाहिजे. आणि आडनावाचं म्हणाल, तर ते ठेवायचं का बदलायचं हे त्या मुलीनं ठरवावं. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, आणि मांडवातल्या भटजीनं तर नाहीच नाही.

शहरातले वाचक म्हणतील, आता कोण नाव बदलतंय? तर खेड्यात या. अजून तांदळाचं ताट पुढं येतं. नवरदेव अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, बाया साखर वाटतात. कारण काय, तर जुनं नाव राशीला जुळत नाही. नाहीतर मोठ्या जावेचं नाव तेच आहे. नाहीतर नुसतीच हौस. एका नावाची दोन माणसं घरात चालत नाहीत म्हणे. गावात एका नावाचे पाच-पाच गडी असतात, त्यांना आपण बरोबर ओळखतो. मग बायकांनाच का ओळखता येत नाही?

बाजारातून म्हैस आणली तरी पहिल्या मालकाला आपण विचारतो, 'हिला काय म्हणून हाक मारता?' कारण दुसऱ्या नावाला ती ओ देत नाही. सुनेला एवढंही कुणी विचारत नाही. ती नव्या नावाला ओ देते, कारण तिला द्यावीच लागते.

ही चाल मोठमोठ्या घरांतही होती. पहिल्या डॉक्टरीणबाई आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई, आमच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या, त्याही यमुनाच. दोघींनी एवढं नाव काढलं, पण आईबापानं ठेवलेलं नाव काही राहिलं नाही. दोन्ही यमुना तांदळात आटल्या.

माझंच सांगते. 1977 साली मी दहावी पास झाले. बोर्डाच्या सर्टिफिकेटावर शालन आणि पुढं वडलांचं नाव. 1979 ला लग्न झालं आणि मी सुनंदा झाले. मतदार यादी, रेशनकार्ड, बँक, आधार, सगळीकडं सुनंदा. वडील वारले तेव्हा वारसाच्या अर्जात भावानं शालन लिहिलं, कारण त्याला बहीण त्याच नावानं ठाऊक. कचेरीतला कारकून मला म्हणाला, "या शालनबाई हयात आहेत का?" मी त्याच्या टेबलापुढं उभी! मग प्रतिज्ञापत्र करा, पोलीस पाटलाचा दाखला आणा, शाळेचा दाखला आणा. शालन आणि सुनंदा ही एकच बाई आहे हे पटवायला मला चार हेलपाटे पडले. माझ्या नवऱ्याला 'तुम्ही तेच का?' असं जन्मात कुणी विचारलं नाही.

आता हा नुसता कागदाचा वैताग आहे असं समजू नका. यामागं जमीन आहे. 1994 साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबर हिस्सा दिला, पण ज्यांची लग्नं आधी झाली होती त्यांना वगळलं. म्हणजे मला वगळलं. 2005 च्या केंद्राच्या कायद्यानं लग्न झालेल्या लेकीही त्यात आल्या. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो. कायदा जन्म बघतो. आणि आपण काय करतो? जन्माचं नावच पुसून टाकतो. मग भाऊ म्हणतात, ती आता तिकडची झाली. हक्कसोडपत्रावर सही घेतात, एक साडी देतात, की मिटलं. बाईचं नाव माहेरच्या कागदावर उरलंच नाही, तर तिला विसरायला कितीसा वेळ लागतो?

आणि माहेरचं नाव लागत नाही असंही नाही. सरपंचपद राखीव झालं की पुढारी सुनेला उभी करतात. तेव्हा जातीचा दाखला बापाच्या घरचा लागतो. अर्ज भरायच्या आदल्या रात्री सगळं घर सुनेच्या माहेरचा कागद शोधत ट्रंका उपसतं. गरज पडली की ती अमक्याची लेक. गरज सरली की, "माहेरचं नाव इथं काढायचं नाही."

यावर लोक बोलतात ते मला माहीत आहे. पहिलं म्हणणं, एक नाव असलं की घर एक राहतं. आमच्या भावकीत सगळ्यांचं आडनाव एकच आहे. तरी बांधावरून डोकी फुटली आणि कोर्टात तारखा चालू आहेत. नावानं घर एक राहत असतं तर वकील उपाशी मेले असते. दुसरं म्हणणं, कायदा आहे. असा कायदाच नाही. लग्नानंतर बाईनं नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असं आपल्या देशातल्या कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. तिसरं म्हणणं, पोरांचं काय? 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या पोरांच्या नावापुढं सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव असं लिहायचा नियम सरकारनं केलाय. चांगलं केलं. पण आईची दोन-दोन नावं असतील तर पोरानं कुठलं लिहायचं?

एखादी म्हणेल, मला नवऱ्याचं आडनाव आवडतं, मी लावणार. खुशाल लाव बाई. तुझं तू ठरवलंस, माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण विचारल्याशिवाय पुसण्याशी आहे. आणि गंमत बघा, उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायला आम्हाला उंबऱ्यावर अडवून धरतात. आमचं नाव मात्र नवऱ्याच्या तोंडात नसतं. 'अगं', 'ऐकलं का', 'आमची मंडळी' यावर जन्म निघतो.

म्हणून लेकीच्या बापांनो, बैठकीत देण्याघेण्याचं बोलता तसं हेही बोला, की पोरीचं नाव तेच राहील. पोराच्या आयांनो, तांदळाचं ताट आणूच नका, आणलंच तर सून आणताना जे नाव आणलं तेच त्यात लिहा. आणि पोरींनो, शाळेचा दाखला सासरी जाताना साड्यांच्या खाली नाही, सगळ्यात वर ठेवा. वारसाच्या नोंदीला तो लागणार आहे. हक्कसोडपत्र पुढं आलं तर वाचल्याशिवाय सही करू नका, मग ते कुठल्या का नावानं असेना.