पडदा काळा का पडतो?

लॅपटॉपवर लिनक्स घातले, यंत्र पुन्हा सुरू केले आणि पडदा काळा ठिक्कर! पंखा फिरतो आहे, कळफलकावरचा दिवा लागतो आहे. पण पडद्यावर अक्षर म्हणून उमटत नाही. अशा वेळी आपली धाव दुकानाकडे जाते आणि दुकानदार 'स्क्रीन गेली' असे निदान करून मोकळा होतो. वर 'कला शाखेच्या मुलांनी या भानगडीत पडावेच कशाला?' हा शेरा आहेच. माझे म्हणणे असे, की या भानगडीत आपणही पडले पाहिजे. कारण हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही.

मुळात घडते काय? पडद्यावर चित्र उमटवते ती ग्राफिक्स चिप. ही चिप आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, यांच्यामधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. दुभाष्याला चिपची भाषा नीट येत नसली, किंवा नव्या कर्नलशी त्याचा मेळ बसला नाही, की आत सारे चालू असूनही बाहेर अंधार! यंत्र मेलेले नसते, नुसते मुके झालेले असते.

उपायही फारसा अवघड नाही. सुरुवातीच्या ग्रबच्या यादीवर 'ई' ही कळ दाबावी. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून 'नो', 'मोड' आणि 'सेट' हे तीन इंग्रजी शब्द सलग जोडून लिहावेत व एफ-१० दाबावे. बहुधा पडदा साध्या रूपात उजळतो. ही सोय त्या एका वेळेपुरतीच. तेवढ्यात योग्य ड्रायव्हर बसवून घ्यावा. सिक्युअर बूट चालू असेल तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर आत घेतला जात नाही, हेही ध्यानात असावे.

पण दुभाष्याला भाषा येत नाही ती का? खरी मेख येथे आहे. एनव्हिडिया कंपनीने आपल्या चिपांची माहिती वर्षानुवर्षे बंद ठेवली. स्वयंसेवकांनी चिपचे वागणे न्याहाळून 'नूवो' हा ड्रायव्हर लिहिला. तो २०१० मध्ये कर्नलमध्ये आला. १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधील एका विद्यापीठात या कंपनीला भर सभेत शिवी हासडली. २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केला, पण तो नव्या चिपांपुरताच. जुन्या चिपांचे मालक ताटकळतच राहिले. उलट एएमडीने २००७ पासूनच चिपांची माहिती देण्यास आरंभ केला होता. म्हणजे माहिती देता येते. प्रश्न इच्छेचा आहे.

हा झगडा आजचा नव्हे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना छपाईयंत्राच्या आज्ञावलीत सुधारणा करायची होती. मूळ आज्ञावली देण्यास नकार मिळाला. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे ही ठेचही होती.

कोणी म्हणेल, 'एवढा खटाटोप कशाला? पैसे मोजावेत, तयार प्रणाली घ्यावी.' म्हणणे अगदीच खोटे नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री काळा पडदा पाहणाऱ्याला तत्त्वज्ञान सुचत नाही, आणि 'यात काय अवघड आहे?' असे हिणवणारे लिनक्सभक्तही त्याला मदत करीत नाहीत. परंतु काळा पडदा तयार प्रणालीतही पडतो. तेथे आत डोकावून पाहण्याची मुभा मात्र नसते.

पैसे मोजून घेतलेली वस्तू कशी चालते हे विचारण्याचा हक्क आपला आहे की नाही, हा प्रश्न नागरिकाचा आहे. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकणाऱ्यांनी तो विचारायचा नाही, तर कोणी? म्हणून पुढचा लॅपटॉप घेताना, किंवा महाविद्यालयाची संगणक खरेदी निघेल तेव्हा, किमतीबरोबर एवढे जरूर विचारावे: याच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर खुला आहे काय? विक्रेत्याला उत्तर येणार नाही कदाचित. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवील.