निष्ठा कागदावर हवी

कार्यकर्ता गेला की आपण शोकसभा घेतो. फोटोला हार घालतो, दोन मिनिटे उभे राहतो, चार भाषणे होतात. त्याने आयुष्य वेचले, तन-मन-धन अर्पण केले, असे सगळेच सांगतात. पण जिवंतपणी त्याला काय मिळाले, म्हातारपणी त्याची काय सोय होती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ७ एप्रिल २०१६ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहरात जो पॅटन नावाचे एक गृहस्थ वयाच्या ८९ व्या वर्षी वारले. त्यांचा आपल्या चळवळीशी काही संबंध नव्हता. तरीही त्यांची कहाणी आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विशेषतः संस्थाचालकांनी ऐकावी अशी आहे.

अटलांटात 'फॉक्स थिएटर' नावाचे साडेचार हजारांहून अधिक आसनांचे भव्य नाट्य-चित्रपटगृह आहे. ते २५ डिसेंबर १९२९ रोजी सुरू झाले. आपल्याकडे पुढच्याच मार्चमध्ये काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला सत्याग्रह सुरू झाला. फॉक्सचे दारही सर्वांना सारखे नव्हते. गोरे प्रेक्षक समोरच्या दारातून आत जात. कृष्णवर्णीयांना बाजूच्या रस्त्यावरून, इमारतीच्या बाहेरच्या जिन्याने, थेट सर्वांत वरच्या गॅलरीत जावे लागे. तिकीट खिडकीसुद्धा वेगळी. पैसे मात्र दोघांचेही चालत! कृष्णवर्णीय विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अटलांटाच्या थिएटरांतील हा भेद संपला. पॅटन गोरे होते. त्यांच्यासाठी पुढचे दार कायम उघडेच होते. त्यांचा गौरव करताना हेही लिहून ठेवले पाहिजे.

या थिएटरात ३,६०० हून अधिक नळ्यांचे एक अजस्र ऑर्गन वाद्य आहे. अनेक वर्षे ते मुके पडले होते. एक्स-रे यंत्रांच्या कामात असलेल्या पॅटन यांनी ते दुरुस्त करण्याची परवानगी मागितली. सोबत्यांना घेऊन सुमारे दहा महिने खपून त्यांनी १९६३ साली ते पुन्हा वाजते केले. कोणी पगार दिला नव्हता, कोणी नेमणूक केली नव्हती.

१९७४ साली खरे संकट आले. एका टेलिफोन कंपनीला आपल्या मुख्यालयासाठी ती जागा हवी होती. थिएटर पाडले जाणार हे ठरल्यासारखेच होते. तेव्हा शहरातील काही नागरिकांनी 'अटलांटा लँडमार्क्स' ही ना-नफा संस्था उभी केली. तिच्या उभारणीत पॅटन होते. सह्यांची मोहीम झाली, कलावंतांनी मदतीचे कार्यक्रम केले. १९७५ साली संस्थेने बँकांकडून १८ लाख डॉलर कर्ज काढून वास्तू विकत घेतली. टेलिफोन कंपनीने लगतची जागा घेतली. १९७८ साली कर्जही फिटले. नुसत्या घोषणा देऊन ही वास्तू वाचली नाही. संस्था, करार, कर्ज आणि त्याची फेड अशा रीतसर मार्गाने ती वाचली, हे ध्यानात घ्या.

पॅटन तांत्रिक बाजू सांभाळत राहिले. १९७९ साली संस्थेने त्यांना थिएटरमधल्याच काही वापरात नसलेल्या खोल्या हयातभर राहण्यासाठी लेखी कराराने दिल्या. त्या खोल्या पॅटन यांनी स्वतःच्या खर्चाने राहण्याजोग्या केल्या. १९९६ साली थिएटरला आग लागली तेव्हा आत राहणारा हा माणूसच मदतीला धावला.

आणि २०१० साली, ज्या संस्थेच्या उभारणीत त्यांचा हात होता, तिच्याच संचालक मंडळाने हयातभराचा तो करार मोडण्याचा ठराव केला. पॅटन तेव्हा ८३ वर्षांचे होते. शहरातील लोक संतापले. पण लोकांच्या संतापावर न विसंबता पॅटन कोर्टात गेले. २०११ साली तडजोड झाली आणि ते तिथेच राहिले. त्यांना कशाने तारले? तीस वर्षांपूर्वीच्या त्या सहीच्या कागदाने. कागद नसता तर शाल-श्रीफळ देऊन त्यांना फुटपाथवर आणले असते.

वकील म्हणून मला यात बाबासाहेबांची शिकवण दिसते. गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांसाठी लेखी संरक्षणे मागितली. बहुसंख्याकांच्या मनात दया येईल, मग आपले भले होईल, या आशेवर त्यांनी समाजाला सोडले नाही. उपकार करणारा माणूस बदलतो, मंडळ बदलते. कागदावरचा हक्क टिकतो. हा नियम शत्रूशी व्यवहार करताना जितका खरा, तितकाच आपल्या माणसांशी व्यवहार करतानाही खरा आहे.

ज्या २०१६ साली पॅटन वारले, त्याच वर्षी २५ जूनच्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस जमीनदोस्त झाले. इमारत धोकादायक होती, असे ट्रस्टच्या बाजूने सांगण्यात आले. समाजाला ते मान्य नव्हते. १९ जुलैला लाखोंचा मोर्चा निघाला. पण मोर्चा निघाला तो वास्तू पडल्यानंतर! त्याआधी त्या ट्रस्टची कागदपत्रे आपल्यापैकी किती जणांनी वाचली होती?

आज गावोगावी आपली विहारे, समाजमंदिरे, खुले रंगमंच आहेत. याच ओट्यांवरून भीमगीते आणि जलसे झाले, पथनाट्ये झाली. वर्गणी काढून पत्रे बदलणारा, वायरिंग करणारा, चावी सांभाळणारा एखादा भाऊ किंवा मावशी प्रत्येक ठिकाणी असते. त्यांच्यासाठी आणि त्या वास्तूसाठी काही कामे लगेच करा. जागा कोणाच्या नावावर आहे, ते सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर तपासा. संस्था सार्वजनिक विश्वस्त म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्या. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांची स्थावर मिळकत विकता येत नाही, हे कलम ३६ वस्तीतल्या प्रत्येक तरुणाला पाठ हवे. आणि जो माणूस वर्षानुवर्षे त्या वास्तूत राबतो, त्याला राहण्याची जागा, मानधन, आजारपणाचा खर्च यांपैकी जे देणार असाल ते ठरावाच्या वहीत लिहा, सह्या करा.

इतिहासही तसाच लिहून ठेवा. फॉक्सचा झगमगाट सांगताना बाहेरचा जिना गाळला तर तो इतिहास अर्धा. आपल्या वास्तूचा इतिहास सांगताना नेत्याची कोनशिला दाखवली आणि पत्रे बदलणाऱ्याचे नाव गाळले, तर तोही अर्धाच. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर पहिला विषय हाच घ्या. जय भीम!