गॅस संपला, पण गेला कुठे?

एप्रिल उजाडतो, नाशिकचा पारा चाळिशीकडे झुकू लागतो आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना क्षणाची उसंत मिळेनाशी होते. ज्या घरात फ्रिज बंद पडतो, तिथे सकाळचे दूध दुपारी नासते, आणि आजोबांचे इन्सुलिन कुठे ठेवायचे या विवंचनेत शेजाऱ्यांचे दार ठोठावले जाते. अशा धावपळीत आलेला कारागीर दार उघडतो, हात आत घालून पाहतो आणि निदान सांगतो : ‘गॅस संपला आहे.’ त्या तीन शब्दांवर काही हजार रुपये मोजले जातात. पावती कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही.

नवल असे, की हे पैसे मोजणारे घर पुष्कळदा व्यापाऱ्याचे असते. रविवार कारंजावरच्या दुकानात गोणीमागे पावशेर तूट आली, तरी संध्याकाळपर्यंत तिचा छडा लावल्याशिवाय वही मिटली जात नाही. माल संपला असे कोणी म्हटले, तर तो विकला गेला, खराब झाला की चोरीस गेला, हा प्रश्न ओघानेच येतो. घरच्या फ्रिजपुढे मात्र हीच मंडळी तो प्रश्न विसरतात. वास्तविक तिथे विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे : गॅस संपला, तर तो गेला कुठे?

स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील गॅस जळतो, म्हणून संपतो. फ्रिजमधील गॅस जळत नाही आणि झिजतही नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. मागच्या जाळीत किंवा बाजूच्या पत्र्याआड बसवलेल्या नळ्यांत तो उष्णता सोडून द्रवरूप होतो. केसासारख्या बारीक नळीतून पुढे सरकून आतल्या खणात पुन्हा वायुरूप होताना तिथली उष्णता शोषून घेतो आणि कॉम्प्रेसरकडे परततो. हे सारे चक्र चोहोबाजूंनी बंद असते. कारखान्यात भरलेला गॅस त्यात पंधरा-वीस वर्षे तसाच राहू शकतो. तो कमी झाला असेल, तर कुठे तरी गळती आहे, याखेरीज दुसरा अर्थ नाही. आणि गळती न शोधता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेने जाणार. दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणाऱ्या घरांनी एवढे जरी ध्यानात घेतले, तरी पुष्कळ पैसा वाचेल.

शिवाय थंडावा कमी होण्याचे कारण गॅस नसण्याचाच संभव अधिक. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये वरच्या खणात बर्फ नीट जमतो आणि खाली मात्र दूध कोमट राहते, ही तक्रार सर्रास ऐकू येते. गॅस गेला असता, तर वरचा खणही कालांतराने उबदार झाला असता. अशा वेळी बहुधा बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा थर्मोस्टॅट किंवा टायमर निकामी झालेला असतो. त्यामुळे पडद्याआडच्या नळ्यांवर बर्फाचा थर चढून थंड हवेची खाली येणारी वाट बुजते. कधी हवा खेळवणारा छोटा पंखाच बंद पडलेला असतो. हे सुटे भाग कॉम्प्रेसरच्या मानाने स्वस्त असतात.

कॉम्प्रेसर सुरू होताना ‘टिक’ असा आवाज करून पुन्हा गप्प बसत असेल, तर रिले, ओव्हरलोड किंवा विजेचा कमी दाब यांच्याकडे आधी पाहावे. वीज गेल्यावर पाच मिनिटांच्या आत फ्रिज पुन्हा सुरू करू नये, कारण नळ्यांतील दाब समतोल होण्याआधी कॉम्प्रेसर उचलला जात नाही आणि त्याचे वेटोळे तापते. भाजीच्या खणाखाली पाणी साचले, तर निचऱ्याचे छिद्र तुंबले आहे. ते कोमट पाण्याने घरीच मोकळे करता येते. दाराचे रबर सैल पडले आहे का, हे पाहण्यास दहाची नोट पुरते. नोट दारात धरून दार लावावे आणि नोट ओढून पाहावी. ती अलगद निघून आली, तर तिथून थंडावाही तसाच निघून जात असतो. नव्या फ्रिजच्या दोन्ही बाजू तापतात म्हणून घाबरणारे अनेक असतात; तो दोष नव्हे, उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या त्या पत्र्याआडच असतात. जुन्या नाशकातील वाड्यांत कोनाड्यात ठोकून बसवलेल्या फ्रिजला मात्र ही उष्णता सोडायला जागाच नसते, आणि यंत्र बिघडले नसतानाही बिघडल्यासारखे वागते. शिळे न खाण्याचा नियम पाळणाऱ्या घरांत फ्रिज निम्मा रिकामा असतो. दार उघडताच त्यातील थंड हवा लोटून बाहेर येते. पाण्याच्या चार बाटल्या भरून ठेवल्या, तरी फरक जाणवतो.

गळती खरोखर होते, तेव्हा तिचे एक कारण घरातच असते. एका दाराच्या फ्रिजमध्ये साचलेला बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडण्याची सवय अजून गेलेली नाही. त्या खणाच्या पातळ ॲल्युमिनियमच्या भिंतीतच गॅसच्या वाटा असतात. सुरीचे टोक लागले की गॅस सुटतो आणि शंभर रुपयांच्या घाईपोटी हजारोंचे काम निघते. रात्री बटण बंद करून दार उघडे ठेवणे, एवढाच त्यावरचा उपाय आहे.

कोणता गॅस, हा पुढचा प्रश्न, आणि तो केवळ पैशांचा नाही. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू वापरीत. बर्लिनमध्ये अशाच गळतीने एक कुटुंब दगावल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन आणि झिलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी हलते भाग नसलेल्या फ्रिजचे पेटंट घेतले होते. तो फ्रिज बाजारात मात्र कधी आला नाही. पुढे फ्रेऑन आला. तो विषारी नव्हता, जळत नव्हता, पण ओझोनचा थर पोखरत होता. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याला निरोप देण्याचे ठरले आणि २०१० पासून भारतातही तो वर्ग बंद झाला. मधल्या काळात आर-१३४ए आला. आता घरगुती फ्रिजांत बहुतांशी आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. पर्यावरणाला तो सौम्य आहे, पण स्वयंपाकाच्या गॅसचाच तो भाऊबंद असल्याने पेट घेतो. घरच्या फ्रिजमध्ये तो जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम असतो, म्हणून नित्याच्या वापरात भीतीचे कारण नाही. परंतु बंद स्वयंपाकघरात, नळीत गॅस शिल्लक असताना ज्योत पेटवून डाग देणारा कारागीर स्वतःचा आणि घराचा जीव धोक्यात घालतो. फ्रिजच्या आतल्या किंवा मागच्या पट्टीवर गॅसचे नाव आणि वजन छापलेले असते. आर-६००ए असेल, तर कॉम्प्रेसरवर ज्वालेचे पिवळे त्रिकोणी चिन्ह असते. कारागीर येण्यापूर्वी ते वाचून ठेवावे. एका गॅससाठी बनलेल्या यंत्रात दुसरा गॅस ‘चालून जाईल’ असे कोणी म्हणाला, तर काम तिथेच थांबवावे. तेल जुळत नाही, दाब जुळत नाही आणि कॉम्प्रेसर अकाली जातो.

नीट काम कसे असते, हे एकदा पाहिले की ओळखू येते. आधी सांध्यांना साबणाचे पाणी लावून किंवा नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधली जाते. ती बुजवल्यावर फिल्टर ड्रायर नवा बसतो. मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतील हवा व ओल काढली जाते. याला वेळ लागतो आणि लागू द्यावा. शेवटी गॅस वजनकाट्यावर तोलून भरला जातो. पन्नास ग्रॅमचा माल अंदाजाने भरणे, हे तराजूवर पिढ्या काढलेल्या घरांना तरी पटू नये. पंप आणि काटा न आणता अर्ध्या तासात गॅस भरून देणारा कारागीर स्वस्त पडत नाही. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो केलेली आणि प्रामाणिकपणे काम करणारी मुले शहरात आहेत. त्यांची मजुरी थोडी जास्त असते, ती देण्यात संकोच करू नये.

मजुरी दिल्यावर पावती घ्यावी. येथे व्यापारी घरांत एक गैरसमज दिसतो : ‘छोटा माणूस आहे, त्याच्याकडे जीएसटी क्रमांक कुठला?’ सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल, तर सर्वसाधारणपणे त्याला नोंदणीची सक्ती नाही. तो जीएसटी लावू शकत नाही. साधी पावती मात्र जरूर देऊ शकतो. त्यावर तारीख, दोष, बदललेल्या भागाचे नाव, गॅसचा प्रकार व वजन आणि कामाची हमी किती दिवसांची, एवढे लिहून घ्यावे आणि काढलेला जुना भाग ताब्यात घ्यावा. महिनाभरात तोच दोष उद्भवला, तर बोलण्यास आधार राहतो.

हमीपत्राचेही तसेच. ‘कॉम्प्रेसरला दहा वर्षे’ ही अक्षरे मोठी असतात. संपूर्ण यंत्राची हमी पुष्कळदा एकच वर्षाची असते, हे बारीक अक्षरांत असते. कॉम्प्रेसर फुकट मिळाला, तरी गॅस, ड्रायर, मजुरी आणि वाहतूक यांचे बिल ग्राहकाकडे येण्याची शक्यता असते.

याहून गंभीर गोष्ट खरेदीच्या बिलाची. कराची वजावट मिळावी म्हणून घरचा फ्रिज पेढीच्या नावावर घेण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. खासगी वापराच्या वस्तूवर ती वजावट कायद्याने मिळत नाही, हा एक भाग. दुसरा असा, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. बिल पेढीचे असेल, तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी हा मुद्दा काढतो, आणि थोड्या कराच्या लोभापायी तक्रारीचा हक्कच वादात सापडतो. घरचा फ्रिज घरातील माणसाच्या नावावर घ्यावा. मग सेवेत कसूर झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि तेथे न भागल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

कंपनीचा सेवा क्रमांक इंटरनेटवर शोधणे हा अलीकडे नवाच धोका झाला आहे. खोटे क्रमांक तेथे पेरलेले असतात. पलीकडचा मनुष्य अदबीने बोलतो, ‘नोंदणीसाठी फक्त दहा रुपये’ मागतो, एक ॲप उतरवून घ्यायला लावतो आणि खाते रिकामे होते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत या प्रकाराचा स्पष्ट इशारा दिला आहे. क्रमांक हमीपत्रावरून किंवा फ्रिजवरील पट्टीवरूनच घ्यावा. चूक घडलीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० वर कळवावे. पहिल्या काही तासांतच पैसा अडवला जाण्याची आशा असते.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा हिशेब प्रत्येक घराचा वेगळा. रिले, रबर, थर्मोस्टॅट, हीटर यांसाठी फ्रिज बदलणे ही उधळपट्टीच. कॉम्प्रेसर गेला असेल आणि यंत्र बारा-पंधरा वर्षांचे असेल, तर दुरुस्तीच्या रकमेसोबत विजेचाही विचार करावा. ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाकाठी लागणारी युनिटे छापलेली असतात. समजा, जुना फ्रिज नव्यापेक्षा वर्षाला दोनशे युनिटे अधिक घेतो आणि युनिटला दहा रुपये पडतात. म्हणजे तो दरवर्षी दोन हजार रुपये जास्त मागतो. जुन्या लेबलवरील पाच तारे आजचे पाच तारे नव्हेत, हेही लक्षात असावे, कारण निकष वेळोवेळी कडक होत आले आहेत.

नवा आल्यावर जुना भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवण्याची घाई करू नये. तो नळ्या कापतो, गॅस हवेत सोडतो आणि तांबे काढून घेतो. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत फ्रिजचा समावेश आहे. विक्रेत्याकडे बदली योजनेत तो देताना पुढे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणार आहे का, एवढे विचारावे आणि बिलावर जुन्या फ्रिजची किंमत वेगळी लिहून घ्यावी.