आहार आणि आरोग्य : टाकळ्याची लाज कशाला?



वर्षावास सुरू होतो त्या दिवसांत बांधावर, माळावर टाकळा, कुर्डू, घोळ उगवून आलेली असते. आपल्या आजी-पणजींनी दुसऱ्याच्या शेतात राबून परतताना ओटीत भरून आणलेल्या या भाज्यांवर कित्येक घरांचा पावसाळा निघाला. आता मुले शिकली, घरात चार पैसे आले. ते आलेच पाहिजेत! पण पाहुणे आले की टाकळा झाकून ठेवायचा आणि फ्लॉवर-मटार करायचे, हे काही पटत नाही.

हल्ली ‘अँटिऑक्सिडंट’च्या नावाने महागड्या गोळ्या आणि पावडरी विकल्या जातात. शब्द मोठा, पण गोष्ट घरातलीच आहे. वांगे चिरून ठेवले की हवेतल्या प्राणवायूने काळे पडते. लिंबाच्या पाण्यात टाकले तर बराच वेळ पांढरे राहते. शरीरातही प्राणवायू वापरला जाताना काही उपद्रवी कण तयार होतात आणि पेशींना इजा करतात. विडीच्या, चुलीच्या धुराने ते वाढतात. त्यांना आवर घालणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन हे त्यांतलेच. पान गडद हिरवे तितके कॅरोटीन जास्त. म्हणून शेवग्याचा पाला कोबीला कुठल्या कुठे मागे टाकतो. लाल माठाचा लाल रंगसुद्धा याच कामाचा.

मग सरळ गोळीच का घेऊ नये? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर याची चाचणी झाली. निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त आढळला! पानात हा पदार्थ एकटा नसतो, बरोबर इतर जीवनसत्त्वे, लोह, चोथा असतो. अर्थात भाजी म्हणजे औषध नव्हे. पाल्याच्या रसाने कर्करोग बरा होतो असे कोणी सांगू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की क जीवनसत्त्व मोरीत जाते. पाणी बेताचेच घाला, झाकण ठेवून थोडाच वेळ शिजवा. रंग हिरवा राहावा म्हणून सोडा टाकू नका, त्याने हेच जीवनसत्त्व नष्ट होते. चमचाभर तेलाची फोडणी मात्र हवी, तेलाशिवाय कॅरोटीन अंगी लागत नाही. उतरवल्यावर लिंबू पिळा, लोह चांगले शोषले जाते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक, माठ डॉक्टरांना विचारून खावा.

गटाराच्या पाण्यावर वाढवलेली भाजी स्वस्त मिळाली तरी नको. तिच्यात शिशासारखे धातू उतरतात, ते धुऊन जात नाहीत. मुंबई-ठाण्याच्या बाजारात पावसाळ्यात आदिवासी भगिनी रानभाज्यांचे वाटे घेऊन बसतात, त्यांच्याकडून घ्या. टाकळा कोवळाच निवडा, जून झाला की कडवट लागतो.