बारावीनंतर साधन कुणाचे?



२०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये सरकारने आणि स्थानिक संस्थांनी शिक्षणासाठी काय करायचे याची यादी आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तके आणि साहाय्यक साधने मोफत द्यायची, असे तिथे म्हटले आहे, पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच. समग्र शिक्षा योजनेत अपंग मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद आहे, तीही बारावीपर्यंत. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत (कलम ३२). म्हणजे वर्गात जागा मिळते, आणि नेमके तेव्हाच साधन मिळण्याचा हक्क संपतो.

(सरकारी कागदांत आता 'दिव्यांग' लिहितात. मी अपंगच लिहिते. ज्या मुलींबरोबर काम करते त्यांना आपल्यात काही दिव्य असल्याचे अजून जाणवलेले नाही.)

भिवंडीतल्या यंत्रमागाच्या वस्तीत मला भेटलेली एक अंध मुलगी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर २००६ पासून आहे, दोन अंध तरुणांनी ऑस्ट्रेलियात सुरू केले, आणि ते फुकट आहे. मोबाइलमध्येही तशी सोय असते. मग अडते कुठे? कॉलेजच्या नोट्स जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. ते फाँट युनिकोड नाहीत, त्यामुळे आपल्याला दिसणारे मराठी यंत्राला निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा वाटतो आणि ते तसाच वाचून दाखवते. उर्दूच्या नोट्स बहुतेक वेळा चित्र म्हणून येतात, त्या तर यंत्र वाचतच नाही. हाताने लिहिलेल्या वहीचे व्हॉट्सॲपवर आलेले फोटोही तसेच. इथे लाखो रुपयांचे यंत्र नको, टाइप करणाऱ्याने फाँट बदलला की काम होते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदाही आड येत नाही: अपंग विद्यार्थ्यांसाठी वाचता येण्याजोगी प्रत बनवायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. हे किती प्राध्यापकांना माहीत आहे?

शिवाय घरात मोबाइल एक, आणि तो भावाच्या खिशात. रात्री तो घरी येईल तेव्हा हिचा अभ्यास. श्रवणयंत्र शिबिरात मिळते, फोटो निघतो, पण बॅटऱ्या संपल्या की ते डब्यात जाते. मुलासाठी नवा सेल आणायला बाप स्टेशनपर्यंत जाईल, मुलीला सांगतात, "तुला कुठे लेक्चर द्यायचंय?" आणि पायाने अधू मुलगी घरी बसून कांड्या भरतेच आहे, चार पैसे आणतेच आहे, मग तिला कुबड्या आणि रिक्षाभाडे देऊन आयटीआयला पाठवायचे कशाला, हा हिशेब आईच मांडते. तिचा राग मला येत नाही, हिशेब तिने केलेला नाही.

२०२४-२५ पासून राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, चांगले झाले. पण या मुलींची अडचण फीच्या आधी सुरू होते.

न्यायालये पुढे गेली आहेत. २०२१ साली 'नीट'च्या मुंबईतल्या केंद्रावर लेखन-अक्षमता असलेल्या मुलीला जादा वेळ नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवले आणि सांगितले की अशी सोय हा हक्क आहे, आणि तो चाळीस टक्क्यांच्या दाखल्यावर अवलंबून नाही. हा निकाल झेरॉक्स करून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवावा असा आहे.

महापालिकांनी पाच टक्के निधी अपंगांसाठी राखायचा असतो. त्यातून कॉलेजच्या मुलींसाठी साधनांची बँक मागावी, असे आमच्या बैठकीत ठरले. वाद झाला तो साधन ठेवायचे कुठे यावर. काहीजणींचे म्हणणे, ग्रंथालयात, घरी नेले तर विकले जाईल किंवा भाऊ वापरेल. मला हे पटत नाही. पाच वाजता ग्रंथालयाला कुलूप लागते आणि परीक्षेचा अभ्यास रात्री होतो. साधन मुलीच्या नावावर, तिच्या सहीने, तिच्या घरी असावे, आणि दुरुस्तीचा खर्च बँकेने करावा. विकले गेले तर आपण त्या घरी जाऊन भांडू, ते काम आपल्याला येते.

तुमच्या गटातल्या बायकांचे, विशेषतः अपंग मैत्रिणींचे, यावर काय म्हणणे आहे ते पुढच्या अंकासाठी कळवा. ब्रेलमध्ये लिहिलेत तरी चालेल, आम्ही वाचून घेऊ.