म्हणे, मूळच्याच खंबीर!

महिला दिन आला की आपल्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत एक विद्वान हमखास उगवतात. यंदा त्यांचा सिद्धान्त असा : दलित बाई मूळचीच खंबीर. तिला ना पडदा, ना सोवळं, ना नवऱ्याचा धाक. ती चौघांना पुरून उरते, मग तिचा वेगळा विचार कशाला? टाळ्या पडल्या. मला राग त्या टाळ्यांचा जास्त आहे.

कारण या कौतुकाची वसुली शिफ्टमध्ये होते. ठेकेदार जात विचारत नाही, सभ्य माणूस आहे. आडनाव आणि वाडी विचारतो. मग संडास-सफाई हिच्याकडे आणि कँटीनमध्ये पोळ्या लाटायला दुसरी. पिंप हलवायचं? 'तिला सवय आहे.' कंबर धरली म्हणाली, तर नाटकं. आवाज चढवला की तोंडाळ, गप्प बसली की आतल्या गाठीची. खंबीर बाईला दुखत नाही असं एकदा ठरवलं की औषधाचा आणि भरपगारी रजेचा खर्च वाचतो! सातासमुद्रापारही हेच. २०१६ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातली पाहणी प्रसिद्ध झाली. तिथल्या निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना काळ्यांच्या शरीराबद्दलची कुठली ना कुठली भाकडकथा खरी वाटत होती; त्यांची कातडी जाड असते, ही त्यातलीच. अशांनी काळ्या रुग्णाचं दुखणं कमी धरलं आणि उपचारही चुकीचे सुचवले. तिथल्या काळ्या बाईलाही 'खंबीर' म्हणूनच गौरवतात. गौरवही तिचा, कळही तिचीच.

नवऱ्याचा धाक नाही? बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन उघडा. या बायका मोकळ्या वागणुकीच्या असतात, असंही म्हणतात? खैरलांजी गावात २००६ साली दलित कुटुंबातल्या सुरेखा भोतमांगे यांना तीन मुलांसह ठार मारलं, तेव्हाही आधी त्यांच्या चारित्र्याच्याच गप्पा रंगल्या होत्या.

आणखी एक जुनं तुणतुणं. टपरीवर यावरून मी कितीदा भांडलो आहे! 'बाबासाहेबांनीच महाडात बायकांना टापटीप शिकवली, म्हणजे अवगुण होतेच ना?' अहो, डिसेंबर १९२७ च्या परिषदेत मनुस्मृती जळली आणि त्याच दिवसांत त्यांनी बायकांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली, जड दागिने टाकायला सांगितले. कारण त्या खुणांवरून लांबूनच जात ओळखू यायची. खुणा लादल्या कोणी? यावर टपरीवर नेहमी चहाच मागवला जातो.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. सफाईची पाळी सगळ्यांना फिरती ठेवा. दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रार समिती लागतेच, आणि ठेक्यावरच्या बाईलाही तिथे दाद मागता येते. त्या समितीवरच्या बायकांची नावं गेटवर मराठीत लावा. पगाराच्या चिठ्ठीवर ज्यादा कामाचे तास दाखवा. एवढं झालं की ती खंबीर आहे की नाही याची चौकशी कोणी करू नये.