साडेदहा सेंटिमीटरचा बंब

तुमच्या रूमसमोरच्या गल्लीची रुंदी किती आहे? अंदाजे नको, फुटांत सांगा. नाही ना सांगता येत? या उन्हाळ्यापर्यंत मलाही सांगता आलं नसतं. तीन वर्षं मी त्याच गल्लीत राहते, दिवसातून चारदा तिथे स्कूटी लावते आणि काढते. तरी ती गल्ली मी पहिल्यांदा मोजली ती एका प्लास्टिकच्या बंबामुळे.

परीक्षा संपल्यावर मी साठवलेल्या पैशांतून एक स्केल मॉडेल किट मागवली. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. खोक्यात तयार गाडी नसते. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले बारीक बारीक भाग असतात, टायर असतात, पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं असतात आणि चित्रांची एक पुस्तिका असते. बाकी सगळं आपण करायचं. एकेक भाग कापायचा, घासायचा, जोडायचा, रंगवायचा. जर्मनीची रेव्हेल, जपानची तामिया, इंग्लंडची एअरफिक्स ही या छंदातली जुनी नावं. आपल्याकडच्या बंबाची किट मला शोधूनही सापडली नाही, म्हणून जर्मन बंबाची घेतली. प्रमाण १/२४. म्हणजे खऱ्या गाडीचे २४ सेंटिमीटर तिथे एक सेंटिमीटर होतात.

रूममेटने पहिल्याच दिवशी विचारलं, "काऊन वं, लहान पोरासारखी काय खेळून रायली?" घरी फोनवर आईचा प्रश्न जरा सभ्य होता, "याचा पुढे काही उपयोग आहे का गं?" तुम्हीही असं काही करत असाल, म्हणजे चित्रं काढत असाल, पतंग बनवत असाल, जुने रेडिओ उघडत असाल, तर हा प्रश्न तुम्हालाही आला असेल. गल्लोगल्ली अभ्यासिका असलेल्या आपल्या शहरात ज्या गोष्टीला मार्क नाहीत तिला 'टाइमपास' म्हणतात. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे.

आधी चुका सांगते, कारण त्या भरपूर केल्या. समोरची काच झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावली. त्या गोंदाच्या वाफेने काच कायमची धुरकट झाली. किटचा खरा गोंद वेगळा असतो, तो प्लास्टिकच्या कडा किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. मग लाल रंग. राखाडी प्लास्टिकवर लाल मारला की तो विटकरी दिसतो, खाली पांढरा हात द्यावा लागतो. तो दिला, आणि मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर स्प्रे घेऊन गेले. अमरावतीचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. रंग गाडीपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळला आणि बंबाचं टप पॉलिश पेपरसारखं खरखरीत झालं. सगळं घासून काढलं आणि पहाटे साडेपाचला उठून पुन्हा रंगवलं, एका जाड थराऐवजी चार पातळ थर देऊन. चार वर्षांत कुठल्या लेक्चरला मी साडेपाचला उठले नव्हते.

पण हाताने जोडताना वस्तू कळत जाते. बंब रस्त्यावरून जाताना आपल्याला फक्त लाल रंग आणि सायरन कळतो. जोडायला बसल्यावर कळतं की दोन्ही बाजूंना वर सरकणारी शटर आहेत, त्यांच्या आत गुंडाळलेल्या नळ्या आणि अवजारं आहेत, वर शिडी आहे, मध्ये पाण्याची टाकी आहे. मग मी आकडे काढत बसले. आपल्याकडच्या नेहमीच्या मोठ्या बंबात ४,५०० लिटर पाणी मावतं. १/२४ प्रमाणात लांबी, रुंदी, उंची तिन्ही २४ पटींनी घटतात, म्हणून ते पाणी होतं जेमतेम ३२५ मिलिलिटर. दीड पेला. आणि खऱ्या बंबाचा पंप मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास पाणी फेकू शकतो. पूर्ण जोराने चालवला तर टाकी दोन-सव्वादोन मिनिटांत रिकामी. कापसाची आग किती चिवट असते हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. वरून विझलेली गाठ आतून धुमसतच राहते. म्हणजे मागून दुसरा बंब, तिसरा बंब यावाच लागतो. आणि त्यांना यायला रस्ता लागतो.

इथे मला आमची गल्ली आठवली. रात्री अकराला टेप घेऊन खाली उतरले. टेपचं दुसरं टोक रूममेटनेच धरलं, तिला तोवर गंमत वाटायला लागली होती. गल्ली भरली १५ फूट. १/२४ मध्ये १९ सेंटिमीटर. पुठ्ठ्यावर तेवढी गल्ली आखली. बंबाची रुंदी अडीच मीटर धरा, म्हणजे साडेदहा सेंटिमीटर. वाटलं, आरामात जाईल.

मग पुठ्ठ्याच्याच स्कूट्या कापल्या आणि जशा रोज लावतो तशा ठेवल्या. एका बाजूला आडव्या, तोंड भिंतीकडे. एक स्कूटी १.८ मीटर, म्हणजे साडेसात सेंटिमीटर. उरले साडेअकरा. बंबाच्या दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा सेंटिमीटर, खऱ्या गल्लीत जेमतेम वीतभरही नाही. त्यात आरसेसुद्धा मावत नाहीत, मग शटर उघडून नळी कोण काढणार? समोरच्या बाजूला नुसत्या भिंतीला लावून उभ्या केलेल्या गाड्या आणखी तीन सेंटिमीटर खातात. उरले साडेआठ. माझा साडेदहाचा बंब कोपऱ्यावरच अडकला. आणि अडवणाऱ्या गाड्यांत पहिली माझी होती. बरोबर कोपऱ्यावरची, कारण मला सकाळी लवकर काढायला सोपी पडते.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, आग रोज थोडीच लागते. २४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग लागली. २२ विद्यार्थी गेले. मुलं वरून उड्या मारतानाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी फोनवर पाहिले. जून २०२३ मध्ये दिल्लीच्या मुखर्जीनगरमध्ये कोचिंगची मुलं दोराला आणि वायरींना लटकत खाली आली. ती मुलं आपल्याच वयाची होती, आपण बसतो तशाच खोल्यांत बसली होती. आता आपली अभ्यासिका आठवा. जिना किती? त्याच्या तोंडाशी काय उभं आहे? मला आठवलं तेव्हा उत्तर आवडलं नाही. एक जिना, आणि त्याच्या पायथ्याशी आमच्याच पंधरा-वीस गाड्या.

जबाबदारी विद्यार्थ्यांचीच आहे, असं मी म्हणत नाही. रस्ते अरुंद कोणी होऊ दिले, जागा न सोडता मजले कसे चढले, हे प्रश्न विचारायलाच हवेत. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे, तिथल्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. आपण दर महिन्याला फी भरतो, तेव्हा ते प्रमाणपत्र दाखवा म्हणायचा हक्क आपल्याला आहे. पण व्यवस्थेला जाब विचारताना आपली गाडी त्याच वाटेत आडवी असेल, तर त्या प्रश्नाला वजन येत नाही.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, आज रात्री गल्ली मोजा. बारा-तेरा फूट सलग मोकळे राहतात का बघा. दोन, गाड्या एकाच बाजूला, भिंतीला लावून उभ्या करायचं आपापसांत ठरवा. आमच्या पुठ्ठ्याच्या गल्लीत एवढ्यानेच १६ सेंटिमीटर मोकळे झाले आणि बंब शटर उघडून उभा राहिला. तीन, १०१ किंवा ११२ ला फोन करायची वेळ आली तर सांगता येईल अशी आपल्या इमारतीची ठळक खूण आताच ठरवून ठेवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्तासुद्धा आठवत नाही.

आमच्या गल्लीत सगळे ऐकले का? नाही. अर्धे ऐकले. एक काका म्हणाले, "आमच्या जन्मात कधी बंब नाही आला इथे." मी वर जाऊन पुठ्ठा आणि बंब घेऊन आले आणि त्यांच्याच हातात गाडी दिली, म्हटलं, काका, तुम्हीच नेऊन दाखवा. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग काही न बोलता आपली मोटारसायकल सरळ केली.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. बंब आता टेबलावर आहे. काच धुरकटच आहे, दारावर जर्मन अक्षरांऐवजी बारीक ब्रशने मीच 'अग्निशमन, अमरावती' लिहिलंय, आणि त्यातला 'शम' जरा वाकडा झालाय. स्कूटीची चावी मी त्याच्या शेजारीच ठेवते.